कड्यावरची पाटी

एका दिवसात तीन किनारे, एक जंगल आणि दोन गावं दाखवायची, तर माणसाच्या तोंडाचा पट्टा सकाळपासून चालू हवा. माझा चालतो. सहलीच्या बसमध्ये हातात माईक घेऊन मला एकोणीस वर्षं झाली. समुद्र काय, सगळ्यांना दिसतोच. त्याला तिखटमीठ लावायचं काम माझं.

सुरूचं बन संपलं की रस्ता कड्यावर येतो. तिथे बस वीस मिनिटं थांबते आणि पत्र्याच्या टपरीत काकू चहा करतात. साठीच्या, किडकिडीत, मोजकं बोलणाऱ्या. गिऱ्हाइकांची कितीही झुंबड असो, माझा बिनसाखरेचा कप त्या आधी काढून ठेवायच्या. "तुझा घसा बसला तर या लोकांना फसवणार कोण," म्हणायच्या. मला वाटायचं, थट्टा करतात.

खरं तर कड्यावर दाखवण्यासारखं काही नव्हतंच. एका जुन्या ड्रायव्हरकडून एवढंच ऐकलं होतं, की कोणी मुलगी इथून पडून गेली. मी तिला प्रियकर दिला. बापाचा विरोध दिला, पौर्णिमा दिली, उडी दिली. लोक हळहळायचे, वाकून खाली बघायचे, मग चहा प्यायचे. मुलगी कोणाची, हे विचारायची बुद्धी मला कधी झाली नाही.

गेल्या महिन्यात पर्यटन कार्यालयाने तिथे पाटी लावली. वर 'प्रेमकडा', खाली माझीच गोष्ट, पौर्णिमेसकट. मी ऐटीत टपरीवर गेलो. "बघितलंत का काकू, आपली गोष्ट पाटीवर आली."

त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला. "माझी मुलगी होती ती," म्हणाल्या. "बारा वर्षांची. शेळीचं करडू खाली उतरलं होतं, ते आणायला गेली. पाय घसरला."

मी विचारलं, "इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तू गोष्ट सांगितलीस की लोक उतरायचे, चहा घ्यायचे. धाकटीला त्याच चहावर वाढवलं मी. आणि बोललेलं वाऱ्यावर जातं, म्हणून ऐकून घेत होते. पण धाकटीची पोर आता वाचायला लागलीय. काल तिने पाटी वाचली आणि मला विचारलं, आजी, मावशीने उडी का मारली?" त्यांनी कपडा उचलून फळी पुसली. "बारा वर्षांच्या पोरीला प्रियकर, बाबा. तेवढी पाटी काढ."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. दुसऱ्याच दिवशी रजा टाकून कार्यालयात गेलो. तिथल्या कारकुनाने फाइल उघडली.

"ही माहिती दिली कोणी?"

"मीच."

"मग आता खोटी कशी झाली?"

"तेव्हाही खोटीच होती."

त्याने माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं आणि अर्ज ठेवून जा म्हणाला. पाटी अजून आहे.

आता मी पाटीकडे पाठ करून उभा राहतो आणि खरं तेच सांगतो. करडासाठी कोणी हळहळत नाही. "म्हणजे प्रेमबिम काही नाहीच?" एकाने विचारलं आणि पाटीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. माझ्याच हाताची करणी, चिडू तरी कोणावर?

काल मात्र एका बाईने विचारलं, "आणि त्या करडाचं काय झालं हो?"

मला ठाऊक नव्हतं. एकोणीस वर्षं त्यांचा चहा प्यायलो, आणि पाटीची गोष्ट निघाल्यावरसुद्धा एवढं विचारलं नव्हतं. मी टपरीकडे पाहिलं. काकू चहा गाळत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

"ते संध्याकाळी आपलं आपण वर आलं," त्या म्हणाल्या.

माझा कप त्यांनी नेहमीसारखा आधी काढून ठेवला होता. तो तसाच टाकून मी बसमध्ये चढलो आणि पुढच्या किनाऱ्यापर्यंत माईकला हात लावला नाही.