निळ्या रंगाच्या दिवशी लाल लघवी

"लघवीच्या पिशवीत गाठ आहे. रक्त कधीपासून जातंय?" डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद बघत विचारलं.

"रक्त नाही साहेब, रंग असेल," मी म्हणालो. बावीस वर्षं भवानी पेठेत डाईंगमध्ये सूत रंगवणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार? डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

त्याच्या आठ महिने आधी पहिल्यांदा लघवी लाल झाली होती. त्या दिवशी टाकीत लालच रंग होता. आमची नखं लाल, थुंकी लाल, अंघोळीचं पाणीही लाल. बरोबर काम करणारा शिवप्पा म्हणाला, "रंग हाय त्यो. गूळ खा, उतरतो की." आमच्याकडे सगळ्यावर गूळच. मी खाल्ला, तीन दिवसांत लघवी साफ झाली. दुखत काहीच नव्हतं.

दीड महिन्याने पुन्हा लाल. त्या दिवशी टाकीत निळा रंग होता.

मला ते तेव्हाच कळलं होतं, हे इथे कबूल करतो. कळलं, आणि मी भ्यालो. परत गूळ खाल्ला आणि गप्प बसलो.

शेवटी बायकोने पकडलं. माझी चड्डी हातात घेऊन सुनंदा मोरीतून बाहेर आली. "अहो, तुमचा रंग कदी गार पाण्यात निघालाय व्हय? ह्यो डाग निघाला. रगत हाय ह्ये." मी तिच्यावर खेकसलो. दुसऱ्या दिवशी तिने मला ओढतच दवाखान्यात नेलं.

मग सिस्टोस्कोपी झाली, म्हणजे लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून पिशवी आतून बघतात. गाठीचा तुकडा तपासायला गेला. रिपोर्टची वाट बघण्याच्या त्या नऊ दिवसांत घरात कोणी टीव्ही लावला नाही. कॅन्सर पिशवीच्या स्नायूत उतरला होता. "सुरुवातीला आला असतात, तर कदाचित आतून खरवडून भागलं असतं," डॉक्टर म्हणाले. कदाचित.

पिशवी काढली. आता पोटाला बाहेरून प्लास्टिकची पिशवी चिकटवलेली असते, लघवी तिच्यात जमते. पुढचं डॉक्टरही नक्की सांगत नाहीत.

लघवी तुंबली, किंवा जळजळीबरोबर थंडीताप आला, तर माणूस आपणहून दवाखान्याकडे पळतो. न दुखणारं रक्त मात्र माणसाला फसवतं. एकदाच दिसलं, आपोआप थांबलं, तरी जा.

गेल्या आठवड्यात शिवप्पा भेटायला आला. चहा झाला तरी उठेना. मग हळूच म्हणाला, "मलाबी दोनदा लाल झाली. पन दुकत न्हाय."

मला असा राग आला! मी शर्ट वर करून त्याला पिशवी दाखवली. तो तोंड फिरवायला लागला, तर मी म्हणालो, "नीट बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत उभे राहिलो. खिडकीतल्या बाईंनी त्याला विचारलं, "काय त्रास आहे?"

शिवप्पाने माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाला, "लगवीतनं रगत जातंय."