केन्तो आधी दोष सांगायचा

केन्तोला कुणी 'तुला काय येतं' असं विचारलं, की तो आधी काय येत नाही ते सांगायचा. शारजात आमच्या मास्टर्सच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने उभं राहून स्वतःची ओळख करून द्यायची होती. मी वर्गाची चांगली पाच मिनिटं खाल्ली. शाळेतल्या रोबोटच्या बक्षिसापासून सुरुवात केली. ते बक्षीस उत्तेजनार्थ होतं, हा तपशील वेळेअभावी राहून गेला. माझ्यानंतर हा जपानी मुलगा उठला, कमरेत वाकला आणि म्हणाला, "माझं इंग्रजी कच्चं आहे. गणितातही मी हळू आहे. तुम्हाला माझा त्रास होईल, त्याची आधीच माफी मागतो." आम्हा सगळ्यांना त्याची दया आली. परीक्षेत तो पहिला आला, तेव्हा दया नक्की कुणाची करायची याचा फेरविचार करावा लागला.

त्याच्या वडिलांची जपानमधल्या एका लहान गावात कौलांची भट्टी आहे. गॅस महाग होत चाललेला आणि निम्म्याहून अधिक उष्णता धुराड्यातून आभाळात जाणारी. ती उष्णता वळवून ओली कौलं सुकवता येतील का, हा त्याचा प्रबंधाचा विषय. टाइल्सच्या मोठाल्या भट्ट्या शारजाहून जवळच, रास अल खैमात आहेत, म्हणून तो इथे शिकायला आलेला. पण त्यासाठी एखादी चालू भट्टी मोजायला मिळायला हवी होती. भट्टी नाही तर प्रबंध नाही, प्रबंध नाही तर डिग्री नाही, आणि शिष्यवृत्ती तर उन्हाळ्यात संपणार. त्याने कारखान्यांना ईमेल पाठवले, फोन केले. सगळीकडून एकच उत्तर आलं: इन्शाल्ला.

"म्हणजे साधारण कोणत्या महिन्यात?" त्याने मला विचारलं.

"हबीबी," मी म्हटलं, "त्याला महिना नसतो."

शारजातच अल मजाज भागात आमच्या घरी तो जेवायला यायचा. आईने पहिल्याच दिवशी त्याचं केतन करून टाकलं आणि तोही त्या नावाला ओ द्यायला लागला. येताना मिठाईचा सुंदर डबा आणायचा आणि देताना म्हणायचा, "विशेष काही नाही. चवही बेताचीच आहे." बाबा तो डबा जरा संशयानेच उघडायचे. ताटात काही टाकायचं नाही ही त्याच्या घरची शिस्त, आणि पाहुण्याचं ताट रिकामं दिसू द्यायचं नाही ही आईची. पुरणपोळीच्या दिवशी दोघंही हट्टाला पेटले. शेवटी बाबांनी ताटच उचलून नेलं, म्हणून तो वाचला.

भट्टीचा मार्ग बाबांच्याच ओळखीतून निघाला. परकारसाहेब म्हणून एक रत्नागिरीकडचे गृहस्थ रास अल खैमाच्या एका टाइल्सच्या कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर होते. त्यांनी भेटायला बोलावलं. गाडीत मी केन्तोची तयारी करून घेत होतो.

"आज दोष सांगायचे नाहीत. फक्त फायदे. यल्ला, म्हणून दाखव."

"माझ्या पद्धतीने थोडी उष्णता वाचू शकते," तो म्हणाला. "कदाचित. माफ करा."

"हे शेवटचं कुठून आलं?"

"आपोआप आलं."

परकारसाहेबांच्या केबिनमध्ये त्याने लॅपटॉप उघडला आणि सुरुवात केली, "माझ्या या योजनेत काही कच्चे दुवे आहेत." त्याची डिग्री मला धुराड्यातून वर जाताना दिसायला लागली. मी मध्येच घुसलो.

"सर, बेसिकली तुमचा निम्मा गॅस वाचेल."

साहेबांचा चहाचा कप वाटेतच थांबला. "निम्मा?"

"कमीत कमी," मी म्हणालो.

केन्तोचा चेहरा कच्च्या टाइलसारखा फिका पडला. तो उठून उभा राहिला आणि वाकला. "माझ्या मित्राला आकडा माहीत नाही. मलाही नाही. तो शोधायलाच भट्टी हवी आहे. कदाचित काहीच वाचणार नाही."

साहेबांनी कप खाली ठेवला. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "गाव कुठलं तुमचं?"

"चिपळूण."

"वाटलंच. अहो, निम्मा गॅस वाचवून देणारे माझ्याकडे दर आठवड्याला येतात. काहीच वाचणार नाही म्हणणारा हा पहिला. याला भट्टी देतो. तुम्ही गाडी चालवा. भट्टीपाशी मात्र बोलायचं नाही."

तो सगळा हिवाळा मी ड्रायव्हर होतो. सेन्सर धरून उभं राहायचं कामही माझ्याकडे होतं, आणि एकदा मी तो ओल्या मातीच्या टाकीत पाडलासुद्धा. उष्णता वाचली, पण केन्तोच्या अपेक्षेपेक्षा बरीच कमी. हा निकाल शेवटच्या पानांवर कुठेतरी बारीक टाक, असा सल्ला मी दिला. त्याने तो पहिल्या पानावर टाकला. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी जे जे दोष काढायचे, ते याने आधीच काढून ठेवले होते. शेवटी त्यांनी अभिनंदन करून टाकलं.

परकारसाहेब मुद्दाम आले होते. "हे सगळं एकट्याने केलंस?" त्यांनी त्याला विचारलं.

केन्तोने मला दंडाला धरून पुढे ओढलं. "नाही. हा माझा मित्र. हा वेळ पाळत नाही. माहीत नसलं तरी उत्तर देतो. सेन्सर याने पाडला. याचा तुम्हाला फार त्रास झाला, त्याची मी माफी मागतो." आणि स्वतः वाकताना माझ्या मानेवर हात ठेवून मलाही वाकवलं. साहेबांना हसू आवरेना.

मला ते फार लागलं. दोन वर्षांत या माणसाने कुणाबद्दल वाईट शब्द काढला नव्हता. जे साठवलं ते सगळं माझ्यासाठी? घरी आई त्याला विमानात द्यायला लाडू बांधत होती.

"बघ तुझा केतन," मी म्हणालो. "चारचौघांत माझी लाज काढली."

आईने मान वर केली नाही. "आणि मी काय करते? परवा देशपांडेकाकूंसमोर तुला आळशी म्हणाले, बोलघेवडा म्हणाले. कौतुक परक्यांच्या मुलांचं करायचं असतं."

मीही लाडू बांधायला बसलो. असं फारसं घडत नाही.

दुसऱ्या दिवशी दुबई विमानतळावर केन्तोने वडिलांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्याकडे वळवला. मग जपानीत बोलत राहिला, एकेक बोट दुमडत, एकेक मुद्दा घेत. पलीकडे म्हातारा मान डोलवत होता, मध्येच हसत होता, आणि शेवटी माझ्याकडे बघून खोल वाकला. काय काय सांगितलंस, असं मी विचारलं नाही. मध्ये 'सेन्सर' तेवढा ओळखू आला, यादी लांबलचक होती एवढं कळलं, आणि या वेळी मानेवर कुणाचा हात नसताना मीही वाकलो.