पिल्लासाठी दुसरी सही

लिफ्टसाहेबांनी नोकरीची चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या लिफ्ट तपासण्यात घालवली आणि स्वतः मात्र जन्मभर तळमजल्यावर राहिले. सरकारी पाटीवर त्यांचा हुद्दा ‘उद्वाहन निरीक्षक’ असा होता. तो वाचून लोकांना वाटायचं, हे विमानांचं काहीतरी बघतात, म्हणून मग सगळे सरळ लिफ्टसाहेब म्हणू लागले. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

माणूस तसा साधा, पण कागदाच्या बाबतीत आडमुठा. तोंडानं ते बिनदिक्कत खोटं बोलत. लग्नाला नक्की येतो म्हणून कबूल करत आणि जात नसत, आणि दारावर काही विकायला कोणी आलं की आतून स्वतःच ‘साहेब घरी नाहीत’ असं ओरडून सांगत. पण छापील रकाना समोर आला की खोटं लिहायला त्यांचा हात उचलत नसे. एकदा एका बड्या हॉटेलच्या मालकानं गयावया केली, ‘साहेब, दोर जरासा तर झिजलाय!’ साहेबांनी अहवालात ‘दोर जरासा झिजला आहे’ असं लिहिलं आणि लिफ्टला सील ठोकलं.

बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. एकटं राहण्याची आपली छान घडी बसली आहे, असं ते विचारणाऱ्याला सांगत. मग एका बुधवारी गॅसवाला सिलिंडर घेऊन आला आणि ‘कुठे ठेवू?’ म्हणाला, तर लिफ्टसाहेबांच्या तोंडून आवाजच फुटेना. खाकरले, घोटभर पाणी प्यायले, तेव्हा कुठे ‘आत’ एवढा शब्द निघाला. रविवारी मुलीचा फोन झाल्यापासून आपण एक अक्षर बोललेलो नाही, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. ते घाबरले. चांगलेच घाबरले. दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्र्याचं पिल्लू आणायचं ठरवून ते घराबाहेर पडले.

शहराच्या टोकाला मोकाट जनावरांचा एक निवारा होता. तो चालवणाऱ्या बाई पूर्वी मुख्याध्यापिका होत्या. कुत्र्यांना हे कोणीतरी सांगितलं असावं, कारण त्या फाटकातून आत आल्या की सगळी गप्प बसत. एका खोक्यात तपकिरी पिल्लू होतं. त्याचा एक कान उभा होता आणि दुसऱ्याचा अजून निर्णय व्हायचा होता. लिफ्टसाहेबांनी सवयीनं त्याला आधी खालून तपासलं, मग वरून. पिल्लानं त्यांच्या बुटाची नाडी तपासली. दोघांचंही समाधान झालं.

“वय?” बाईंनी विचारलं.

“असेल दोन-अडीच महिन्यांचं.”

“तुमचं विचारतेय.”

“बहात्तर.”

“हे पंधरा वर्षं जगेल.”

लिफ्टसाहेबांनी मनात बेरीज केली. सत्त्याऐंशी आले. ते काही त्यांना स्वतःलाही पटले नाहीत.

“रागावू नका,” बाई म्हणाल्या. “गेल्या वर्षी माझ्याकडे सात कुत्री परत आली. मालक गेले आणि घरच्यांनी इथे आणून सोडली. एक तर पंधरा दिवस फाटकाकडे तोंड करून बसलं होतं, अन्नाला शिवलं नाही. म्हणून पासष्टच्या पुढच्यांना मी दुसरी सही मागते. तुमच्यानंतर याला कोण सांभाळणार, त्या माणसाची. शनिवारपर्यंत आणा. आणखी एक कुटुंब विचारून गेलंय.”

फॉर्म चार पानी होता. लिफ्टसाहेबांनी टेबल पुसून, चष्मा पुसून तो भरायला घेतला. ‘सध्याची प्रकृती’ या रकान्यात कुठल्याही शहाण्या माणसानं ‘उत्तम’ लिहून पान उलटलं असतं. यांनी अहवाल लिहिला. ‘डावा गुडघा: झीज, वापरण्यायोग्य. साखर: नियंत्रणात. हृदय: एक झडप पूर्ण मिटत नाही. जिने चढण्यास मनाई. शस्त्रक्रिया सुचवलेली, निर्णय प्रलंबित.’ ज्या लिफ्टचं दार पूर्ण मिटत नाही तिला त्यांनी जागच्या जागी बंद पाडलं असतं. स्वतःला मात्र ते मार्चपासून तसंच चालवत होते.

सहीसाठी शेजारचे होमिओपॅथ डॉक्टर एका पायावर तयार झाले, पेन उघडूनच आले. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर होतं. त्यांना चहा पाजून परत पाठवावं लागलं.

राहता राहिली मुलगी. वय पंचेचाळीस, विमा कंपनीत दाव्यांच्या विभागाची प्रमुख, हाताखाली बावीस माणसं, पण घरात ती अजून बेबीच. अडचण अशी होती की तिच्याशी बाकी सगळं बोलता येई, ‘माझ्यानंतर’ हा विषय सोडून. घराची कागदपत्रं कुठल्या कपाटात आहेत हे सांगायचा त्यांनी दोनदा प्रयत्न केला होता. दोन्ही वेळा ‘बाबा, भलतंसलतं बोलू नका’ म्हणून तिनं फोन ठेवून दिला. आई गेल्यापासून तिचं हे असं झालं होतं. फोनवर हे काम व्हायचं नाही हे ओळखून शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत लिफ्टसाहेब तिच्या ऑफिसात जाऊन धडकले.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट होती, चालूही होती. लिफ्टसाहेब आत शिरले, भिंतीवरचं तपासणीचं प्रमाणपत्र त्यांनी वाचलं, आणि ते बाहेर येऊन जिन्याकडे वळले.

“बाबा? न सांगता आलात?” बेबी खुर्चीतून उठली. “आणि इतका घाम कसला?”

“जिना.”

“लिफ्ट चालू आहे की!”

“तपासणीची तारीख उलटून दोन महिने झालेत. सांग तुमच्या लोकांना.”

तिनं पाणी दिलं. ते प्यायले, श्वास खाली बसेपर्यंत भिंतीवरचं कॅलेंडर वाचल्यासारखं केलं आणि मग फॉर्म पुढे सरकवला.

“इथे एक सही कर. पिल्लू आणतोय. कुत्र्याचं.”

“या वयात?”

“त्याचं वय अगदी बरोबर आहे.”

बेबी हसली. तिनं पेन काढलं आणि फॉर्म हातात घेतला. आता, बेबी कुठलाही कागद पहिल्या ओळीपासून वाचत नसे. वीस वर्षांच्या नोकरीनं तिला एवढं शिकवलं होतं की माणसं खोटं बोलतात ती प्रकृतीच्या रकान्यात, म्हणून ती आधी तिथेच जायची. लिफ्टसाहेबांना हे माहीत होतं. पण त्यांनी तिथे एकही शब्द खोटा लिहिला नव्हता, त्यामुळे ते निर्धास्त होते.

तिचं हसू गेलं. तिनं तो रकाना वाचला, पुन्हा वाचला.

“झडपेचं कधीपासून?”

“मार्चपासून.”

“दर रविवारी मला ठणठणीत म्हणून सांगता.”

“ते फोनवर,” लिफ्टसाहेब म्हणाले.

“आणि आत्ता तीन मजले चढून आलात!”

“तारीख उलटली होती, बेबी.”

काचेपलीकडे बावीस माणसांनी एकदम डबे उघडले. बेबीचा आवाज चढला होता आणि साहेबीणबाईंना वडिलांवर ओरडताना आपण पाहिलं, असं कोणालाच दाखवायचं नव्हतं.

“मला का नाही सांगितलंत?”

“तू सांगू देतेस कुठे? जरा काही बोलायला गेलं की फोन ठेवतेस.”

“कारण मला भीती वाटते!”

“मलाही वाटते गं,” लिफ्टसाहेब म्हणाले. “घरात दिवस दिवस बोलायला कोणी नसतं. परवा गॅसवाल्यासमोर आवाज फुटेना. म्हणून तर हे पिल्लू.”

मग तिनं शेवटचं पान काढलं, स्वतःचं नाव लिहिलं, नात्याच्या जागी ‘मुलगी’ लिहिलं आणि सही केली.

“पिल्लाची सोय झाली,” ती म्हणाली. “तुमच्यानंतर माझं काय, ते कुठल्या रकान्यात लिहायचं?”

लिफ्टसाहेबांनी फॉर्म ओढून घेतला आणि चारही पानं उलटून पाहिली. तसा रकाना नव्हता.

शनिवारी दोघं मिळून निवाऱ्यात गेले. बाईंनी फॉर्म उभ्या उभ्या वाचला. “इतकं खरं अजून कोणी लिहिलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “सहसा सगळे ‘उत्तम’ असतात आणि सहा महिन्यांत जातात.” त्यांनी पिल्लाची पावती फाडली आणि पिल्लू बेबीच्या हातात दिलं, कारण लिफ्टसाहेब ते उचलायला वाकणार तेवढ्यात ती मध्ये आली होती.

टॅक्सीत बसल्यावर दोन मिनिटांत पिल्लानं बेबीचे कपडे भिजवले. नवे होते. तिनं खाली पाहिलं आणि ती रडायला लागली. टॅक्सीवाल्यानं आरशातून पाहिलं. धुतले की निघेल, असं तो म्हणाला. पुढचे चार सिग्नल झाले तरी ती रडतच होती. पिल्लाला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. ते तिच्या कोपराखाली तोंड खुपसून गप्प पडलं.

“सगळं नीट होईल बघ,” लिफ्टसाहेब म्हणाले.

बेबीनं नाक पुसलं, पर्समधून पेन काढलं आणि पिल्लाच्या पावतीची कोरी बाजू त्यांच्यापुढे धरली.

“लिहून द्या.”

लिफ्टसाहेबांनी कागद गुडघ्यावर ठेवला. पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. एक पूल गेला, एक बाजार गेला. मग त्यांनी एक ओळ लिहिली, खाली सही केली, तारीख घातली आणि कागद परत दिला. ‘सोमवारी डॉक्टरकडे जाऊन ऑपरेशनची तारीख घेईन.’

बेबीनं ती ओळ दोनदा वाचली. ‘बरा होईन’ असं त्यात कुठेही नव्हतं. म्हणूनच तिनं त्यावर विश्वास ठेवला.