काजळीचा वंश

आक्का माणसाचं तोंड बघायच्या आधी डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची. माण तालुक्यातल्या दवाखान्यात मी जनावरांची डॉक्टर म्हणून रुजू झाले, त्याच आठवड्यात तिनं माझीही पापणी ओढली आणि म्हणाली, "रगत कमी हाय म्याडम. पालेभाजी खात जावा." मेंढरांची सवय माणसांवर उतरली होती. मेंढीची पापणी आतून लाल असली की तिला सोडून द्यायची. पांढरी पडलेली दिसली तर तेवढीच जंताच्या औषधाला वेगळी काढायची. मी मात्र सगळ्या कळपाला सरसकट औषध पाजा, असं पुस्तकातलं सांगत फिरत होते.

पूर्वी दिवाळीनंतर ती कळप घेऊन कृष्णाकाठाकडं निघायची आणि पावसाच्या तोंडाला परतायची. नवरा मुंबईत हमाली करायचा. तो मणका मोडून घरी आला, खाटेला खिळला. सासऱ्यांना नीट दिसत नव्हतं. तेव्हापासून आक्काचं चालणं थांबलं. पन्नासेक मेंढरं, त्यांचं वाडगं आणि कॅनॉलच्या बांधाखालची ओली पट्टी, एवढंच तिचं जग उरलं. रोज त्याच गवतावर लेंड्या पडायच्या आणि त्याच गवतातून जंत पुन्हा पोटात जायचे. "चालत हुतो तवा जंत मागं ऱ्हायचं," ती म्हणायची. "आता आमी बी हितंच, त्ये बी हितंच."

ओल्या गवताच्या शेंड्यावर जंत चढतात, म्हणून दव सुकेपर्यंत ती वाडग्याचं दार उघडायची नाही. तरी त्या पावसाळ्यात कोकरं गळायला लागली. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायची आणि चार दिवसांत कोकरू जायचं. मी औषध पाजलं, फरक पडला नाही. वर्षानुवर्षं गावोगाव तेच औषध पाजून जंत त्याला सरावले होते. अकरा कोकरं तिनं बांधापलीकडं पुरली. दर वेळी खोरं धुऊन जागेवर ठेवायची आणि नवऱ्याला कुशीवर वळवायला आत जायची.

काजळी नावाच्या मेंढीला मात्र काही झालं नव्हतं. व्यायल्यावर मेंढीची ताकद ओसरते, जंत बळावतात. पण ही नुकती व्यालेली असून ठणठणीत. मी लेंड्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. बाकीच्यांच्यात जंताची अंडी मोजवत नव्हती, हिच्यात दोन-चार. मी आक्काला सांगितलं, की एखादीचं शरीर जंत ओळखायला शिकतं, त्यांना वाढू देत नाही, आणि तो गुण पोरांतही उतरतो. "म्हंजी जंत येत्यात, पर ही त्यास्नी संसार मांडू देत न्हाई," ती म्हणाली. पुढं मी मेंढपाळांना हेच वाक्य सांगत आले.

काजळीच्या आदल्या वेताचा तरणा मेंढा वाडग्यात होता. तोही आईसारखाच निघाला. पण आक्काच्या नवऱ्याची पाठ बरी व्हावी म्हणून सासऱ्यांनी तो बिरोबाला नवस बोललेला, आणि देवाचा मेंढा पैदाशीला कळपात सोडायचा नाही, अशी त्या घरची रीत. मी त्यांना समजवायला गेले. शब्द देवाला दिलाय, डॉक्टरला नाही, असं ते शांतपणे म्हणाले. आक्का चुलीपाशी बसून होती. तिनं तोंड उघडलं नाही. मला तिचा राग आला.

जत्रेला महिना होता. तो महिनाभर मेंढ्याचं दावं रोज सुटत राहिलं. सासऱ्यांनी विचारलं की दावं कुजलंय, असं ती सांगायची. जत्रेदिवशी तिनंच त्याला भंडारा लावला आणि तो दिसेनासा होईपर्यंत दारात उभी राहिली. मग मला म्हणाली, "देवाचं देवाला दिलं. खोटं म्या बोलले, त्ये माझ्याकडं ऱ्हाईल." पुढच्या पावसाळ्यातही कोकरं गेली, पण तीनच. नवऱ्याची पाठ काही सुधारली नाही. ते आपल्या खोट्यामुळंच, असं तिला अजून वाटतं.

वर्षभरानं माझी कडेगावला बदली झाली. जायच्या आधी साताऱ्यात मेंढपाळांचं शिबिर होतं. तिथं येऊन तुम्हीच सांगा, असा आग्रह मी धरला. ती व्हय म्हणाली. गाडी दारात गेली तेव्हा ठेवणीतलं लुगडं नेसून तयार होती. तेवढ्यात आतून नवऱ्यानं हाक मारली. ती आत गेली, बऱ्याच वेळानं बाहेर आली, वाडग्यात शिरली आणि काजळीच्या नातवाला धरून गाडीपाशी घेऊन आली. "मला न्हाई जमायचं. ह्येला न्या."

त्या मेंढ्याची कोकरं आता कडेगावच्या एका कळपात आहेत. परवा तेच सांगायला मी फोन केला. सगळी धडधाकट आहेत, म्हटलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कंच्या रस्त्याला हिंडत्यात?"

विट्याच्या, मी म्हटलं.

"आनि तिथनं फुडं?"

मी एकेक गाव सांगत गेले. मी थांबले की ती नुसतं म्हणायची, "फुडं?"