सातव्या रिळाचा ठिपका

खोटं बोलणाऱ्या माणसाचा मला फारसा राग येत नाही. भीती असते, गरज असते, माणूस बोलून जातो. पण खोटं बोलून वर दुसऱ्यालाच "तुझ्याच डोक्यात काहीतरी झालंय" असं मायेनं समजावणारा कुणी दिसला, की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. आमच्या मशीनकाकूंच्या बाबतीत तेच घडलं, आणि सगळं गाव मूग गिळून बसलं होतं. त्या गावात मीही होतो.

बाजाराच्या टोकाला पत्र्याच्या छपराचं सिनेमाघर होतं. मागच्या भिंतीला लोखंडी शिडी, अकरा पायऱ्यांची, आणि वर मशीनची खोली. खोलीत हातभर अंतरावर दोन मशीनं शेजारी शेजारी उभी असत, गोठ्यातल्या दोन थोराड म्हशींसारखी. तितकीच गरम आणि तितकीच लहरी. पहिली वीस वर्षं ती काकूंच्या नवऱ्यानं, काकांनी, चालवली. मशीनच्या पोटात कोळशाच्या दोन कांड्या समोरासमोर जळतात आणि त्यांच्या ठिणगीचा उजेड पडद्यावर जातो. त्या उजेडाकडे काळ्या काचेतून बघायचं असतं. काका घाईत उघड्या डोळ्यांनी बघत राहिले आणि पन्नाशीच्या आत त्यांची नजर गेली. समोर माणूस उभा आहे एवढं कळायचं, कोण ते कळायचं नाही.

काकू रोज त्यांचा डबा घेऊन शिडी चढत. काका जेवत तोवर कांड्या पुढे सरकवायला शिकल्या, मग तुटलेली फिल्म जोडायला, मग सगळंच. काकांचे डोळे गेले तेव्हा मालक म्हणाले, "नवा माणूस मिळेपर्यंत चालवा." नवा माणूस नऊ वर्षं मिळाला नाही, कारण काकूंसारखं चालवणारा मिळणार कुठून? त्यांच्या हातात पडदा कधी पांढरा पडला नाही. एका मशीनवरचं रीळ संपतं तिथे दुसऱ्या मशीनवरचं सुरू होतं, आणि हा सांधा प्रेक्षकाला कळला तर काकूंना दोन दिवस जेवण गोड लागत नसे.

त्यांची एक रीत होती. पीठ चाळल्याशिवाय कणीक मळत नाहीत, तसा आदल्या दुपारी रिकाम्या सिनेमाघरात एकट्यानं पाहिल्याशिवाय त्या कुठलाही चित्रपट लोकांपुढे लावत नसत. कुठे फाटलंय, कुठे जोड निसटलाय, सगळं बघून घ्यायचं. आणि दुसरी रीत : एकदा लावलं की शेवटपर्यंत. मालक मधूनमधून म्हणायचे, "काकू, एखादं रीळ गाळा की. खेळ लवकर सुटेल, रविवारी तिनाच्या जागी चार बसतील." काकू म्हणायच्या, "मालक, तुमच्या ताटातली शेवटची भाकरी उचलून नेली तर चालेल का?" मालक हसत. त्यांचं हसू दातांपर्यंतच असायचं.

त्या वर्षी एक जुना, परक्या मुलखातला चित्रपट आला. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातला काळ. धुकं, घोडागाड्या, उंच काळ्या टोप्या, रस्त्यावर गॅसचे दिवे. एका मोठ्या घरात नवी आलेली सून. तिला भिंतीच्या आतून पावलं ऐकू येतात. कुणीतरी जिना चढतंय, कुणीतरी उतरतंय. घरात तर त्या बाजूला जिनाच नाही. नवरा म्हणतो भास आहे, डॉक्टर म्हणतो नसा कमजोर आहेत, मोलकरीण तोंडाला पदर लावल्यासारखी हसते. बघणाऱ्याच्या छातीत धडधडावं असा तो चित्रपट होता.

गुरुवारी दुपारी काकूंनी तो एकट्यानं पाहिला. डबे आठ होते. आठव्या रिळात रस्त्यावर दिवे लावणारा म्हातारा असतो. रोज शिडी घेऊन त्या घरासमोर उभा राहणारा. त्याला बाहेरून पाच खिडक्या दिसतात आणि आत गेल्यावर चारच सापडतात. तो कुदळ घेऊन भिंत फोडतो, आणि आत अरुंद जिना निघतो. सून खरी ठरते. काकूंनी त्या रिकाम्या सिनेमाघरात, वर खोलीत, एकट्यानं टाळी वाजवली. घरी येऊन काकांना म्हणाल्या, "बरं झालं हो. फार सोसलं पोरीनं."

शुक्रवारी सकाळी शिडी चढून पेटी उघडली तर डबे सात.

काकू खाली मालकांच्या खोलीत गेल्या. मालकांचा मेहुणा तिथेच खुर्चीवर बसून होता. दाराशी तिकिटं फाडायचं काम त्याचं, पण मशीनच्या खोलीवर त्याचा डोळा होता हे दारालाही ठाऊक होतं.

"मालक, आठवं रीळ कुठंय?"

"आठवं? काकू, सातच आली होती."

"मी काल आठ चालवली."

मालकांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा म्हणाला, "पेटी मीच उतरवली. सातच होते डबे."

"शेवटी जिना सापडतो. मी पाहिलाय."

"अहो काकू," मालक अगदी मऊ आवाजात म्हणाले, "उन्हाचं रिकाम्या सिनेमाघरात बसता. डोळा लागला असेल. स्वप्नात सापडला असेल जिना." आणि मेहुण्याला म्हणाले, "काकूंना पाणी दे रे."

पाणी! चोरानं घरधन्याला पंख्यानं वारा घालावा, तसं ते पाणी.

खेळ लागला. सातव्या रिळाच्या शेवटी सुनेला बंद घोडागाडीत घालून वेड्यांच्या इस्पितळात नेतात. दार बंद होतं, गाडी धुक्यात जाते, आणि पडदा पांढरा. लोक उठले, धोतरं-विजारी झटकल्या आणि बाहेर पडले. आणि कुणालाही काही कमी वाटलं नाही! याचाच मला आजही संताप आहे. आमचा शिंपी दुकानात म्हणाला, "मी तर दुसऱ्या रिळातच ओळखलं होतं, बाई वेडी आहे." न्हाव्यानं मान डोलावली, "बिचाऱ्या नवऱ्यानं किती केलं तिचं." बिचारा नवरा! तोच तर भिंतीतला जिना चढत होता.

काकू शिंप्याच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "ती वेडी नाही. पुढं अजून एक रीळ आहे."

शिंप्यानं सुई थांबवली. "मालक म्हणत होते ते खरंच म्हणायचं तर. काकू, जास्त बघू नका हो असले सिनेमे."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. काकूंना स्वप्नातला सिनेमा दिसतो. काकूंचं डोकं मशीनच्या धगीनं फिरलं. कुणी वाईट बोलत नव्हतं, हेच वाईट होतं. सगळे हळहळत होते. विहिरीवर एकीनं त्यांच्या हातातली कळशी काढून घेतली, "राहू द्या काकू, मी भरते." मेहुणा दोनदा खोलीत येऊन मशीनवरची धूळ पुसून गेला. मालकांनी निरोप पाठवला, सोमवारपासून विश्रांती घ्या.

काकूंनी रात्रीच्या जेवणाला काकांना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

काकांनी घास थांबवला. "अगं, मी कुठं पाहिलंय. माझे डोळे गेले तसं तुझंही... वय होतं माणसाचं. विसरली असशील."

 दुसऱ्या दिवशी सकाळपासून काकू भाजीतलं मीठ दोनदा चाखायला लागल्या. कुलूप लावून परत येऊन ओढून बघायला लागल्या. नऊ वर्षांत ज्या बाईचा हात चुकला नाही, तिला स्वतःच्या हाताची शंका यायला लागली. माणसाची भाकरी काढून घेतली तर तो दुसरी मिळवतो. त्याचा स्वतःवरचा भरवसा काढून घेतला तर तो कुठल्या बाजारातून आणणार?

शनिवारचा खेळ. सातवं रीळ संपत आलं होतं. पडद्यावर गाडीचं दार बंद होत होतं. आणि काकूंचा उजवा हात आपोआप उठला, दुसऱ्या मशीनच्या खटक्यावर गेला आणि खटका दाबला. मशीन घरघरलं. त्यात रीळच नव्हतं.

काकू हाताकडे बघत राहिल्या. हात का गेला? मग त्यांना कळलं. हाताला ठिपका दिसला होता. शुक्रवारी डोक्यात नुसता डब्यांचा घोळ होता, तेव्हा तो नजरेतून निसटला होता.

हा ठिपका काय ते सांगायला हवं. प्रत्येक रीळ संपायच्या जरा आधी चित्राच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक गोल ठिपका चमकून जातो. मशीनवाल्याला ती खूण : दुसरं मशीन सुरू कर. सातेक सेकंदांनी पुन्हा एक येतो : आता बदल. प्रेक्षकाला कळतही नाही. पण शेवटच्या रिळाला ठिपका नसतो, कारण पुढं बदलायला काही उरलेलंच नसतं. मालकांनी सिनेमाघर बांधलं, पण मशीनच्या खोलीत ते घडीभर कधी उभे राहिले नव्हते. त्यांनी डबा लपवला. ठिपका कसा लपवणार?

काकूंनी त्या रात्री मीठ एकदाच चाखलं.

रविवारी दुपारी सिनेमाघर भरलं होतं. चौथा खेळ बसवायचा म्हणून मालक स्वतः दाराशी उभे होते. काकूंनी काकांनाही हाताला धरून आणलं आणि मागच्या बाकावर बसवलं. मध्यंतरात, पाचवं रीळ लावण्याआधी त्यांनी दिवे लावले, मशीनच्या खोलीची छोटी खिडकी उघडली आणि डोकं बाहेर काढलं.

"ऐका जरा. वरच्या उजव्या कोपऱ्यात बघत राहा. रीळ बदलायच्या आधी गोल ठिपका येतो. पुढचं रीळ असेल तरच येतो. शेवटच्याला येत नाही. एवढंच सांगायचं होतं."

खाली हसाहशी झाली. शिंपी ओरडला, "काकू, सिनेमा बघू का ठिपका?"

"दोन्ही बघ. डोळे दोन आहेत तुला."

पाचव्याच्या शेवटी ठिपका आला. दोघंतिघं ओरडले, "आला, आला!" काकूंनी सहावं सुरू केलं. सहाव्याच्या शेवटी अर्धं सिनेमाघर ओरडलं. मालक दारातून आत आले. "काय तमाशा आहे हा?"  सगळ्यांच्या माना वर उजवीकडे वळल्या होत्या, सूर्यफुलांसारख्या.

सातवं रीळ. भिंतीतली पावलं वाजली, सून किंचाळली, डॉक्टरनं टोपी घातली. घोडागाडी दारात आली. दार बंद होऊ लागलं.

वरच्या उजव्या कोपऱ्यात गोल ठिपका चमकला.

कुणी ओरडलं नाही. सात सेकंदांनी दुसरा ठिपका चमकला, आणि मग पडदा पांढरा झाला. त्या पांढऱ्या उजेडात सगळे एकमेकांची तोंडं बघत होते.

शिंपीच आधी बोलला. "मालक, पुढचं रीळ कुठंय?"

मालक घसा खाकरून म्हणाले, "असेल... चुकून कुठं राहिलं असेल. बघ रे." मेहुणा गेला आणि इतक्या लवकर आला, की शोधायला लागलंच नसावं. मालकांच्या खोलीतल्या कपाटात, जुन्या पोस्टरांखाली होता डबा. त्यानं शिडी चढून तो काकूंच्या दाराशी ठेवला.

काकूंनी तो उचलला नाही.

"लावा की काकू!" खालून हाका सुरू झाल्या. "सापडलं ना आता? लावा, लावा!" हेच ते लोक. काल हळहळत होते, आज घाई करत होते. काकूंना काय झालं ते कुणालाच विचारायचं नव्हतं, सगळ्यांना सुनेचं काय झालं ते बघायचं होतं!

काकू खिडकीतून म्हणाल्या, "मालक, किती डबे आले होते?"

"अहो, जरा गैरसमज झाला."

"किती?"

"काकू, लोक खोळंबलेत. नंतर बोलू, माझ्या खोलीत."

"लावा हो काकू, जाऊ द्या!" न्हावी ओरडला.

तेवढ्यात मागच्या बाकावरून काका उठले. त्यांना मालक दिसत नव्हते, म्हणून ते आवाजाच्या दिशेनं तोंड करून बोलले. "जाऊ कसं द्यायचं? मीसुद्धा तिला विसरलीस म्हटलं. तिच्या हातचं खाऊन म्हटलं. माझं चुकलं, ते मी इथं सगळ्यांदेखत सांगतो. आता मालक, तुम्ही सांगा. ती विचारते तेवढंच सांगा."

 छपराचा पत्रा उन्हानं कडाडला.

"आठ," मालक म्हणाले.

"मोठ्यानं," काकू वरून म्हणाल्या.

"आठ डबे आले होते. एक मी काढून ठेवला. काकूंचं बरोबर होतं."

काकूंनी खिडकी लावली. कांड्या जुळवल्या, ठिणगी पेटवली, आठवं रीळ चढवलं. खाली दिवे लावणारा म्हातारा खिडक्या मोजू लागला तेव्हा सिनेमाघर श्वास रोखून बसलं. भिंत फुटली, जिना निघाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजही ते लोक सांगतात, की आम्हाला पहिल्यापासूनच ठाऊक होतं, सून खरं बोलत होती. सांगोत बापडे.

सोमवारपासून विश्रांती घ्यायचा निरोप पुन्हा आला नाही. चौथा खेळही त्या रविवारी बसला नाही.

भिंत फुटली तेव्हा काकूंनी टाळी वाजवली नाही. त्या काळ्या काचेशेजारच्या भोकातून एकाच जागी बघत होत्या. धुकं विरलं, रस्त्यावरचा शेवटचा दिवा विझला, अक्षरं वर सरकत गेली, आणि वरचा उजवा कोपरा शेवटपर्यंत स्वच्छ राहिला.