माहुलीच्या घाटावर मी म्हटलेले मंत्र

आठ वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

साताऱ्याजवळ माहुलीच्या संगमावर दहाव्याचे विधी करणं हे आमचं पिढीजात काम. कोरेगावकडचा एक हवालदार वडलांच्या दहाव्याला बसला होता. मराठा शेतकऱ्याचं घर. वडील गेले तेव्हा तो सीमेवर; पोचला तोवर अग्नी देऊन झाला होता. बसण्याआधी म्हणाला, "गुरुजी, आबांचं वेदोक्त करा. आमाला आजवर समद्यांनी पुराणोक्तच केलंय."

मी हो म्हणालो. आणि पुराणोक्तच केलं, पुटपुटत.

वेदमंत्र आपल्या ब्राह्मणांपुरते, बाकीच्यांना पुराणातले श्लोक, असं माझ्या वडलांनी शिकवलं होतं. मला ते पटत नव्हतं. तरी तोंडातून तेच आलं. ह्यांना काय कळणार, हेही मनात होतंच. आमच्या देव्हाऱ्यात तरी इंद्र, वरुण कुठे आहेत? खंडोबा आहे, अन्नपूर्णा आहे. गणपतीला आम्ही जो वेदमंत्र म्हणतो, तो मुळात दुसऱ्याच देवाचा. आणि वेदांची राखण कसली करत होतो मी!

पिंड मांडला. कावळा शिवेना. अर्धा तास, तास.

"आरं, म्हातारा तुझ्यावर रुसलाय," त्याचा चुलता म्हणाला. "मातीलाबी न्हवतास."

हवालदार गुडघाभर पाण्यात जाऊन हात जोडून उभा राहिला. "आबा, नोकरी सोडून येतो. आईला एकटं ठिवत न्हाई."

तरी कावळा आला नाही. शेवटी मी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. हवालदाराने शब्द पाळला. सुभेदारी तोंडाशी आली असताना घरी आला.

गेल्या आठवड्यात त्याची आई गेली. काल तो दहाव्याचं सांगायला आला. "पुन्हा वेदोक्तच करा," म्हणाला. चहा पुढे होता. मी सगळं सांगून टाकलं.

त्याने कप बाजूला सारला.

"म्हंजे आबा माझ्यावर रुसलं न्हवतं?"

"कावळ्याचं मला माहीत नाही. मी खोटं बोललो, एवढं माहीत आहे."

"मी पाण्यात हुबा राहून नोकरी सोडतो म्हणालो. तुमी ऐकलं?"

"ऐकलं."

"आन गप बसला."

तो उठला, चपला घातल्या, दारात थांबला.

"आईचं तुमीच करायचं. पर मंत्र मोठ्यानं म्हणायचं. चुलत्याला, समद्या भावकीला ऐकू गेलं पायजे. आन आधी आबांच्या वक्ताला काय केलं, ते तुमच्या तोंडानं सांगायचं."

उद्या सकाळी जायचं आहे. मंत्र पाठ आहेत. दुसरं जे सांगायचं आहे, त्याचं पहिलं वाक्य अजून जुळत नाही.