डाव्या चाकाचा आवाज

मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग बदलून जीप आणली आणि नेरच्या रस्त्याला लागताच मागून घुं असा आवाज सुरू झाला. परत जाऊन मिस्त्रीला सांगितलं तर तो म्हणाला, "वहिनी, नवं बेअरिंग हाये, बसून जाईन. तुमी क्लचवर पाय ठेवून चालवता, त्याच्यानं गाडी घुमते."

हे तो माझ्या भासऱ्यांसमोर, म्हणजे थोरल्या दिरांसमोर, बोलला आणि माझं डोकंच फिरलं. नवरा गेल्यापासून जीप मीच चालवते. कापूस वेचणाऱ्या बाया सकाळी शेतावर सोडायच्या, संध्याकाळी आणायच्या. भासऱ्यांना ते पहिल्यापासून खुपतं. आता आयतं कोलीत हाती आलं. म्हणाले, "बाजाराच्या दिवसापर्यंत पाह्यतो. आवाज गेला नाई तं चाबी माह्यापाशी दे. आपण ड्रायव्हर ठेवू."

चाबी देईन? देते की!

मी कान देऊन चालवायला लागले. रेस दिली काय नि सोडली काय, आवाज तोच. म्हणजे मागच्या चाकांमधल्या गोळ्यातल्या, डिफरन्शियलच्या दातऱ्यांचा नव्हे. क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू दिली, तरी तोच. मग माझ्या पायाचा काय संबंध? मिस्त्री म्हणाला टायर असतील, तर मागची टायरं पुढं टाकून पाहिली. आवाज मागंच राहिला. उजवीकडं वळताना भार डाव्या चाकावर आला की तो वाढायचा. मागं डावीकडं बसणारी म्हातारी एकदा म्हणाली, "पोरी, माह्या बुडाखाली भुंगा बसून राह्यला वो. तिकडच्या बाईले काईच नाई." बाया हसल्या. मला साक्षीदार मिळाला.

बाजाराच्या दिवशी भासऱ्यांना सोबत घेऊनच गॅरेज गाठलं. म्हटलं, "डावं चाक खोला. आत काई निघालं नाई तं चाबी भाऊजीच्या हातात."

"आत्ताच तं बसवलं, कायले खोलता?" मिस्त्री कुरकुरला. मी स्टूल ओढून समोरच बसले.

शेवटी त्यानं चाक काढून अॅक्सल बाहेर ओढला, तर त्याला गुंडाळलेला काळाकुट्ट बोळा निघाला. मागच्या वेळी बेअरिंग बदलताना ऑइल गळू नये म्हणून त्यानं अॅक्सलच्या नळीच्या तोंडात कापूस कोंबला होता. आमच्याकडं चिंधीआधी कापूस हाताला लागतो. वेचणीत तर माझ्या सीटखालीच मूठमूठ पडलेला असतो. अॅक्सल बसवताना त्यातला निम्मा आत राहिला आणि बेअरिंगला ऑइल पोचलंच नाही. बोळ्यात सरकीसुद्धा होती. ती मी नखानं काढून भासऱ्यांच्या तळहातावर ठेवली.

"हा पाहा भाऊजी, माहा क्लचवरचा पाय."

मिस्त्रीनं मान खाली घालून दुसरं बेअरिंग बसवलं. भासरे मात्र कसलेले. हात पुसत म्हणाले, "झालं ना बरं? तरी ड्रायव्हर ठेवच. तुले कायले एवढी दगदग?" आणि नेहमीसारखं पुढचं दार उघडायला गेले.

"पुढं नाई भाऊजी," मी म्हटलं. "मागं बसा, डाव्या चाकावर. आवाज आला तं सांगा."

ते मागं जाऊन बसले. मी चाबी फिरवली.